वीणेचा पहारा

सोनाळा,
ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा
५ जानेवारी २०२५

चि. शिवम यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, तेवढा हक्क मी सोडणार नाही.

इकडे सगळे ठीक आहेत असं सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. थंडी चांगली पडली आहे. सातपुड्याकडून वारा सुटला की आई चुलीपुढून हलत नाही. तूर सोंगून झाली. हरभरा फुलावर आहे आणि रानडुकरांनी धुऱ्याकडचा निम्मा लोळवून टाकलाय. मी रजा टाकून आले आहे. आई गल्लीत सगळ्यांना सांगते, "सुचिता चिलटायची डॉक्टरीन हाये." परवा दुकानात एका काकांनी विचारलं, "बाई, चिलटं पाळाले पुन्याले काऊन जा लागते? आमच्या केळीच्या घडाले कमी हायेत का?" मीही हसले. पुण्यात मला 'मले-तुले'वरून चिडवतात आणि इथे चिलटांवरून, कुठेच सुटका नाही.

तू गाडीवरून पडलास असं अपेक्षाने सांगितलं. गुडघा भरला का? रस्त्यावर वाळू होती म्हणालास म्हणे. खरंच होती का रे? छकुलीला शाळेत सोडायला अजून तूच जातोस का? हे सगळं मला कळव, पण फोनवर नको. पत्र लिही. तेही टाइप करून नको, स्वतःच्या हाताने लिही. कारण पुढे सांगते.

तू म्हणशील, फोन असताना ताईला हे काय सुचलं. एक तर फोनवर बाबांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. रागावून टाकून दिलंस तरी नंतर उचलून वाचता येतं. दुसरं म्हणजे मी भ्यायले आहे, शिवम. जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले तर मध्येच रडेन आणि अर्धंच सांगून होईल. दिवाळीपासून मी भ्यायलेली आहे, आणि त्या भीतीत तू आहेस.

आता मला क्रमाने लिहू दे.

आपल्या देवळातला तो सप्ताह. छकुली तेव्हा अपेक्षाच्या पोटात होती. सप्ताह बसला की वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे आपण चालायला लागायच्या आधीपासून पाहत आलो. बाबांचा दुपारचा पहारा ठरलेला. त्या दिवशी तू पखवाजावर होतास. बाबा वीणा घेऊन देवासमोर वळले, त्यांचा पाय पायात अडकला आणि ते वीणेसकट फरशीवर आले. वीणेचा भोपळा फुटला. कोणीतरी म्हणालं, भगवानराव पिऊन आले. बाबा उठून काही सांगायला गेले तर जीभ जड. शब्द एकमेकांवर चढत होते. लोकांना आणखी काय पुरावा हवा होता? मग तू पखवाज बाजूला सारून उठलास आणि त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ ओढून तोडलीस. माळकऱ्याने दारू प्यायची आणि वर वीणा गळ्यात घालायची, हे तुला सहन झालं नाही. तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं. मी पुण्यात फोनवर ऐकलं आणि एकदाही विचारलं नाही की वास आला होता का.

वास कोणालाच आला नव्हता, शिवम. मी आता एकेकाला विचारलं. सगळे म्हणतात, "मले नाई आला, पन दुसऱ्यायले आला असंल."

महिन्याभरात तू नाशिकला गेलास, आणि छकुली आजोबांना न पाहताच पाच वर्षांची झाली.

आता दिवाळीचं सांगते. आईने गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. ढग आले म्हणून बाबा त्या गोळा करायला जिना चढत होते आणि मी खाली कंदील लावत होते. ते चार पायऱ्या चढले, थांबले. उजवा पाय पुढची पायरी शोधत हवेतच राहिला, मग बाजूला पडला. भिंतीला धरून परत चढले, परत घसरले, आणि शेवटी पायरीवर बसून पाय हलवत राहिले. माझ्या हातातला कंदील खाली पडला, कारण हे मी रोज पाहते. माझं काम तेच आहे.

तुला मी कधी नीट सांगितलं नाही आणि तूही चिलटांच्या पुढे ऐकलं नाहीस, म्हणून थोडक्यात लिहिते. ही चिलटं म्हणजे फळांवरच्या माश्या. त्या अंड्यातून कशा वाढतात, अळी होते, कोष होतो, त्यातून माशी निघते, आणि त्या सगळ्यात तिचा मेंदू आणि नसा कशा घडतात, हे आम्ही बघतो. माशीची आणि आपली पुष्कळ जनुकं सारखी आहेत. म्हणून माणसाचं एखादं बिघडलेलं जनुक माशीत घालायचं आणि काय होतं ते पाहायचं. माणसाला जे व्हायला चाळीस वर्षं लागतात ते माशीत महिन्याच्या आत दिसतं. माश्या काचेच्या नळीत असतात. नळी टेबलावर आपटली की सगळ्या तळाला पडतात आणि लगेच वर चढतात, वर चढणं हा माशीचा स्वभावच आहे. बिघडलेलं जनुक असलेली माशीही आधी चढते. अळी असताना तिच्यात काही दिसत नाही, कोषातून निघते तीही ठणठणीत. मग एक दिवस ती अर्ध्यावर थांबते. पाय काच शोधतो, बाजूला पडतो, माशी खाली येते. पुन्हा चढते, पुन्हा पडते, आणि शेवटी तळाला पाय हलवत राहते. किती चढल्या, किती पडल्या, ते मी लिहून ठेवते. एवढी वर्षं मी हे करतेय आणि आपल्या घरात ते ओळखलं नाही.

मी जिन्यात गेले. बाबांच्या तोंडाजवळ नाक नेलं. बडीशेपेचा वास होता. तरी तोंडातून निघून गेलं, "बाबा, घेतली का?"

ते म्हणाले, "तू बी तेच इचारून राह्यली?" मग हाताने पाय जवळ ओढून म्हणाले, "मी थेंबभर नाई घेतली बाई कधी. पन माह्या पायायले कोन सांगंल? ते ऐकतच नाईत माहं."

दुसऱ्या दिवशी मी आईच्या रांगोळीने अंगणात एक सरळ रेघ ओढली आणि बाबांना तिच्यावरून चालायला लावलं. त्यांनी मुकाट्याने चालून दाखवलं, लहान पोराला मास्तरांनी उभं केल्यासारखं. रेघेवर पाऊल पडेना. नाकाला बोट लावायला सांगितलं तर बोट गालावर गेलं. आई ओसरीवरून बघत होती. ती म्हणाली, "तुह्या आज्याचं बी असंच होतं. लोक त्यायले डुलता निवृत्ती म्हनत. माह्या लग्नात कोनी काई सांगलं नाई, मांगून समजलं." आजोबा विहिरीत पडून गेले आणि गावाने ते दारूच्या खात्यावर टाकलं, हे तुलाही माहीत आहे. आता मला वाटतं, काठावर त्यांचाही पाय फक्त अडकला असेल.

बाबांना अकोल्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासायला पाठवलं. गेल्या आठवड्यात उत्तर आलं आणि तेच सांगायला मी रजा घेऊन आले.

या आजाराचं नाव अ‍ॅटॅक्सिया. त्याचे खूप प्रकार आहेत, त्यातला एक बाबांना आहे. जनुकांची भाषा चार अक्षरांची. या एका जनुकात तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सगळ्यांच्याच अंगात येतात, पण थोडी. बाबांच्या अंगात ती फार वेळा आली आहेत. देवळातली हरिपाठाची जुनी कॅसेट एका ओळीवर अडकायची आणि कोणी जाऊन थापट मारेपर्यंत तेच म्हणत राहायची, तसं. त्याने लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. लहान मेंदू म्हणजे शाळेत आपण अनुमस्तिष्क म्हणून पाठ केला होता तो. शरीराचा तोल, जीभ, हाताचा ताल, सगळं तो सांभाळतो. खाऱ्या पाण्याचा यात काही संबंध नाही. इथे काहीही झालं की लोक पाण्याला धरतात, म्हणून लिहिते. करणीचा नाही, दारूचा नाही. थांबवणारं औषध आज नाही. व्यायाम करायचा, जपून राहायचं, घरात धरायला कठडे लावायचे. मी जिन्याला लावून घेतलेत.

बाबांना हे मी ओसरीवर बसवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे हे बिमारी हाये? पाप नाई?" मी म्हटलं, बिमारीच आहे, जन्मापासून अंगात होती. ते उपरण्याने तोंड पुसत राहिले आणि मग म्हणाले, "शिवमले सांग. पह्यलं त्याले सांग." एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं, चला, एक तरी बरी गोष्ट झाली.

आणि मग त्यांनी विचारलं, "पोरायले तं नाई ना होत हे?"

मी पाणी आणते म्हणून उठले. आत जाऊन माठाला टेकून उभी राहिले. ते पाणी मी अजून नेलेलं नाही, शिवम. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही, पण मी चालायला लागले की ते माझ्या पायांकडे बघतात.

होऊ शकतं. बाबांच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. म्हणजे तुला आणि मला. आणि या आजारात ती तीन अक्षरं कधी कधी पुढच्या पिढीत वाढतात, बापाकडून मुलाकडे जाताना जास्त. वाढली की आजार लवकर येतो. आजोबांना साठीत आला होता, बाबांना पन्नाशीत.

आता खरं कारण लिहिते. इथपर्यंत येताना मी दोनदा उठून अंगणात जाऊन आले.

छकुलीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ अपेक्षाने पाठवला होता. तू स्वयंपाकघरातून केक घेऊन येतोस. पोरं टाळ्या वाजवतात, छकुली खुर्चीवर उभी राहून नाचते. सगळ्यांनी केक पाहिला. मी तुझे पाय पाहिले. तू पाय फाकून चालतोस. पूर्वी तू असा चालत नव्हतास. उंबऱ्यापाशी तुझा डावा पाय जरा वर उचलला जातो आणि भलतीकडेच पडतो, आणि अपेक्षाचा हात येऊन केकला आधार देतो. तिने तुझ्याकडे पाहिलंही नाही, इतका तो हात सवयीने आला. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. हळू करून पाहिला, थांबवून पाहिला. स्वतःला म्हटलं, फरशी ओली असेल. पँट लांब असेल. मोबाइल धरणाऱ्याचा हात हलला असेल. तू म्हणत असशील तर मी अजूनही फरशी ओली होती म्हणायला तयार आहे.

मग गाडीवरून पडलास. मग अपेक्षा बोलता बोलता म्हणाली, पखवाज देऊन टाकला, वेळ होत नाही. तू पखवाज दिलास? जेवण सोडशील पण पखवाज सोडायचा नाहीस तू. हात झपाझप उलटा-पालटा करता येणं हे तपासायचीच तर डॉक्टरांची एक पद्धत आहे. मांडीवर हात आपटायला सांगतात, एकदा पालथा, एकदा उताणा. कर एकदा. नको, आत्ता नको. डॉक्टरांसमोर कर.

माझं चुकलं असेल तर मला हवी तेवढी शिवी दे, मी फ्रेम करून लावेन. पण तोवर दोन गोष्टी ऐक. कंपनीत तू पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेस. तिथे हात एका क्षणात चुकतो, त्याला दुसरी संधी नसते. काही कारण सांगून मशीनवरून बाजूला हो. आणि छकुलीला गाडीवर घेऊ नको. रिक्षा लाव, पायी जा, काहीही कर. बाबा दर अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीचं पीकपाण्याचं भाकीत ऐकायला जातात ना, मी त्यांना एकदा म्हटलं होतं, जे व्हायचं ते होईल, ऐकून काय करता? ते म्हणाले, "आयकून घेतलं तं पेरनी बदलता येते." तेव्हा मी शास्त्रज्ञाच्या तोऱ्यात हसले होते. आता तुला तेच सांगते आहे. फार थोडं बदलता येईल आपल्याला, पण मशीन आणि गाडी बदलता येईल.

माझं विचारशील. मी रोज सकाळी खोलीतल्या फरशीच्या रेषेवरून चालून बघते. बहुतेक वेळा पाऊल बरोबर पडतं. एखादं बाहेर जातं आणि मग दिवसभर मी त्या एकाच पावलाचा विचार करते. चहाचा कप उचलताना हाताकडे बघते. शब्द अडखळला की तोच पुन्हा म्हणून बघते, एरवी बोलताना कोणाचा कधी शब्द अडखळत नाही का? ज्याच्याबद्दल तुला मागे सांगितलं होतं, तो मार्चमध्ये घरच्यांना घेऊन येणार होता. त्याला मी "थांब" एवढंच म्हटलंय. इकडे यायच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये नळी आपटायला हात उचलला आणि आपटवेना. तळाला पडलेल्या माश्या मला बघायच्याच नव्हत्या. मी मैत्रिणीला सांगितलं, आज तू कर, माझं डोकं दुखतंय.

माझी तपासणी मी केलेली नाही. भीती वाटते, दुसरं काही कारण नाही. तू आलास तर आपण दोघं बरोबर जाऊ. एकटीने ते उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

छकुलीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

आता बाबांचं. माघातला सप्ताह जवळ आला आहे. मी देवळात जाऊन मंडळींना सगळं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. कागद हातोहात फिरला. मग त्यातले एक म्हणाले, "मंग आमी इतके वर्स भगवानरावाले काय काय बोललो." ते म्हणतात, बाबांनी दुपारचा पहारा पुन्हा घ्यावा, कोणीतरी बाजूला उभं राहून धरेल. तू तोडलेल्या माळेचे मणी आईने तेव्हाच सतरंजीखालून वेचून आणले होते. तिने ते पुन्हा ओवून देव्हाऱ्यात ठेवलेत. बाबा ती माळ घालत नाहीत. म्हणतात, "ज्यानं काढली त्यानं घालावं." रागाने म्हणत नाहीत. वाट बघत म्हणतात. आणि तू आलास तरच वीणा घेणार, नाहीतर नाही.

ये. आणि त्याआधी मला उत्तर लिही. हाताने का, ते आता तुला कळलं असेल. तुझं अक्षर गावात सगळ्यांत सुंदर होतं, सप्ताहाचे फलक तूच रंगवायचास. मला ते अक्षर पाहायचं आहे. ते पाहिलं आणि ओळी सरळ असल्या तर मी पहिल्यांदा नीट झोपेन.

आईचे आशीर्वाद. बाबा ओसरीवर बसलेत आणि विचारतायत, "लिवलं का त्याले?" अपेक्षाला सांग, रागावू नकोस, मी तिच्या व्हिडिओचा असा उपयोग केला. छकुलीला पापा.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून बसलेली,
ताई


नाशिक
१७ जानेवारी २०२५

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. आई-बाबांना नमस्कार.

पत्र मिळालं. हे अक्षर पाहून तुला बरं वाटलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. हे अपेक्षाचं अक्षर आहे.

तू हाताने लिही म्हणालीस म्हणून बसलो होतो. "ताई" लिहिलं, पुढची ओळ खाली उतरत पार कागदाबाहेर गेली. छकुली बाजूला उभी होती. म्हणाली, "पप्पा, तुमचं अक्षर माझ्यापेक्षा घाण आहे." तो कागद फाडून टाकला. मी सांगतोय, अपेक्षा लिहितेय. पत्रात मले-तुले लिहायचं नाही म्हणते, म्हणून हे सगळं शहाण्यासारखं वाटेल.

वाळू नव्हती. फरशी पण ओली नव्हती, ताई. पखवाज वेळ नाही म्हणून दिला नाही. हात समेवर येईना. आधी उजवा, मग डावा. भजनातले लोक एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, ओव्हरटाइम असतो. त्यांच्या तोंडावर दिसत होतं त्यांना काय वाटतंय ते. एकाने मला समजवलं पण, की घरी लहान लेकरू आहे, सोडून द्या. मी त्याला काही बोललो नाही. माझी पण जीभ जड झाली होती.

कोणाला सांगितलं नाही कारण मला वाटलं मला कारण माहीत आहे. ज्या हाताने बाबांची माळ तोडली तोच हात आधी गेला. मी धरून बसलो होतो की देवाने बरोबर तो हात निवडला. रोज कामावर जाताना हे डोक्यात असायचं. प्रेसवर हात घालताना पण. अपेक्षाला हे आत्ता कळतंय. ती लिहायची थांबली होती. आता परत लिहितेय.

तुझं पत्र मी अपेक्षाला तीन वेळा वाचायला लावलं. शिक्षा नाही हे कळलं तेव्हा छाती जरा मोकळी झाली. पण शिक्षा होती तोवर ती माझ्या एकट्याची होती. ते कळल्यावर मी खूप वेळ छकुलीकडे बघत बसलो.

मशीनवरून उतरलो. साहेबांना खरं सांगितलं, स्टोअरमध्ये बसवतो म्हणालेत. गाडीची चावी अपेक्षाने घेतलीय.

आम्ही तिघं सप्ताहाला येतो. माळ मी घालतो. आईला सांग, मला बसून घालू दे, उभ्याने माझा हात डोक्यावरून नेम धरत नाही. अकोल्याला तुझ्याबरोबर येईन. तुझ्या आधी माझं रक्त देईन, मग तुझं. माझं तर आपल्याला दोघांनाही माहीतच आहे.

बाबांना हे वाचून दाखव. अपेक्षाला सांगितलंय की माझं बोलणं इथे जसंच्या तसं लिही:

"बाबा, मी येऊन राह्यलो. वीणा तुमी घ्या. मी बाजूले उभा राह्यतो. पन माह्या बी पायायचा भरोसा नाई आता. आपल्या दोघायले धराले ताईले मांगं उभं करू. मले माफ करा म्हनाले तोंड नाई, ते तिथं येऊन म्हनतो."

तुझा,
शिवम

ता. क. ताई, नमस्कार. हे माझं आहे, त्यांनी सांगितलेलं नाही. ते कठडा धरत खाली दूध आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. व्हिडिओचं मला वाईट वाटलं नाही. तो हात सवयीने येतो हे तुम्ही ओळखलंत, माझ्या माहेरी पण कोणी ओळखलं नव्हतं.

छकुलीबद्दल काही लिहीत नाही असं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय. ती ओळ मी खूपदा वाचली. काल तिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. नाचताना ती दोनदा पडली. आणखी पोरं पण पडली, बाई हसत होत्या, सगळे हसत होते, मी पण हसले. पाच वर्षांची पोरं नाचताना पडतातच ना, ताई? तेवढं मला एकटीला कळवा.

तुमची,
अपेक्षा